खोपोली मागे का पडली, कर्जत पुढे का आलं? (परिसर अभ्यास)



आपल्या रसायनीचं नावच सांगतं की ही वस्ती कशामुळे वाढली. मोहोपाड्याच्या बाजूला रसायनांचे कारखाने आले, कामगारांची वसाहत झाली, नाव रुळलं. कर्जतच्या नावातून असं काही कळत नाही. पण तेही एका कारणानेच वाढलेलं गाव आहे, आणि ते कारण म्हणजे घाटाचा चढ.

रेल्वे म्हटलं की मुलं १८५३, बोरीबंदर ते ठाणे, एवढं धडाधड सांगतात. आपल्या भागाची गोष्ट त्यापुढची. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीवरून थेट खोपोलीला पोचली. जुन्या इंग्रजी कागदांत तिचं नाव 'कँपोली' असं आहे. खोपोलीच का? कारण बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० पासून होता आणि तो खोपोलीतूनच वर चढत होता. वाटसरूंची वर्दळ त्याच्याही आधीची; नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आजही तिथे आहे.

१४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला सुमारे २१ किलोमीटरचा घाट मात्र रुळांविना. मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. इथे थांबा आणि मुलांना विचारा, अशा गावात कोणाकोणाला काम मिळालं असेल? भोई, गाडीवान, तट्टूवाले, हमाल, खाणावळवाले... यादी मुलंच करतात.

मग २१ एप्रिल १८६३ ला घाटातला लोहमार्ग खुला झाला, आणि तो खोपोलीतून गेलाच नाही! पळसदरीहूनच डोंगराला लागला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली हा नुसता फाटा उरला.

याचं उत्तर गणितात आहे. एक पट्टी घ्या, ३७ सेंटीमीटरवर खूण करा आणि त्या खुणेखाली १ सेंटीमीटरची वही सरकवा. मुलं म्हणतील, "हा कसला चढ?" बोरघाटातला सगळ्यात कडक चढ एवढाच आहे, ३७ ला १. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून याहून उभा चढ चालला नाही. आता घाटात चढायची उंची साधारण ५५८ मीटर. ५५८ गुणिले ३७ करा, जवळजवळ २०.६ किलोमीटर येतात. म्हणजे निदान एवढी लांबी हवीच. प्रत्यक्षात २५ किलोमीटरच्या आसपास लागली. खोपोलीच्या डोक्यावरच खंडाळा आहे, तिथे एवढी लांबी आणायची कुठून? सुरुवात मागूनच करावी लागली.

हा मार्ग कुणी केला, हेही सांगाच, घाई करू नका. २५ बोगदे, मोठमोठे पूल. १८६१ मध्ये घाटात ४२,००० हून जास्त माणसं कामावर होती. बायका होत्या, पोरंही होती. पटकीने, सुरुंगांनी, दरडींनी हजारो गेले. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये दंगाही झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचं नाव पुस्तकांत सापडतं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी दोन इंजिनिअरांच्या मदतीने ठेका पुरा केला, हेही नोंदलेलं आहे. दगड फोडणाऱ्यांची नावं मात्र नाहीत. वर्गात एखादं मूल "का नाहीत?" असं विचारेल. विचारू द्या, उत्तर लगेच देऊ नका.

चढाने खोपोलीचं जे घेतलं ते पुढे कर्जतला दिलं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला एकट्या इंजिनाने घाट चढवत नाही, मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. ती कर्जतला जोडतात. त्यांना रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. इंजिनं आली की ड्रायव्हर, गार्ड, फिटर येतात. त्यांची क्वार्टर्स होतात, मग दुकानं, शाळा. आणि गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर येतोच, तिथे दिवाडकरांचा वडा! (वर्गात वड्याचा उल्लेख केला की मागच्या बाकावरचेही जागे होतात.) १९२९ च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिनं आली, घाटात गाडी उलट्या दिशेने वळवायचं जुनं स्टेशन बंद झालं, पण बँकर काही सुटले नाहीत.

आणि खोपोली? ज्या उभ्या कड्यामुळे तिचा मुख्य मार्ग गेला, तोच कडा टाटांना हवा होता. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून पाणी मोठ्या नळांतून खाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. गाडीला नको असलेला उतार पाण्याला चालला. पुढच्या वेळी मुलांना घेऊन खोपोलीला गेलात तर देवळाआधी ते नळ दाखवा, आणि वर खंडाळ्याकडे बोट करून पुन्हा तोच ५५८ चा गुणाकार घाला.