पावनखिंडीच्या वाटेवर साप चावला तर

जुलै आला की आपल्या वाडीची, शिरोळची पोरं पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला निघतात. १६६०च्या जुलैत बाजीप्रभूंनी जी खिंड लढवली, तिथवरची वाट भर पावसात एकदा तरी चालावीच. जरूर जा. पण साप चावला की वर करकचून दोरी बांधायची, हे डोक्यातून काढून टाकून जा.

मागच्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक तरुण आला. मसाई पठाराखालच्या ओढ्यात पायाला साप चावला. मित्रांनी बुटाची नाडी पोटरीवर आवळली आणि तशीच ठेवून आधी मांत्रिक गाठला. माझ्याकडे पोचेपर्यंत पाऊल काळंनिळं, बधिर. मोबाइलमधल्या फोटोत होती बिनविषारी दिवड! पायाची दशा नाडीनं केली होती.

साप विषारी असता तरी नाडीनं विष थांबलं नसतं, रक्त थांबलं असतं. घोणस-फुरशाचं विष अशा आवळलेल्या जागी साचून मांस सडवतं. चिरा देणं, तोंडानं चोखणं, कडुलिंबाचा पाला चावून बघणं, मोबाइलवर आलेल्या मुळ्या उगाळून लावणं, सगळं बंद करा. यात जाणारा वेळच जीव घेतो.

घाबरू मात्र नका. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.

सगळ्यात फसवी मण्यार. करपेवाडी-आंबेवाडीच्या मुक्कामात तुम्ही जमिनीवर झोपता, ती रात्री अंथरुणात शिरते. चावल्याचं कळतही नाही. ना सूज, ना आग. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, जीभ जड होते. अशा माणसाला ‘पित्त झालंय’ म्हणून गोळी देऊन झोपवता? त्याचा श्वास कधी बंद पडेल, कळणारही नाही. लगेच रुग्णालय गाठा. हिरड्यांतून रक्त किंवा लाल लघवी दिसली तरी तीच घाई हवी.

चावलेल्याला चालवू नका. अंगठी, कडं, बूट काढा. पाय काठीला सैल कापडानं बांधून स्थिर ठेवा, झोळीतून रस्त्यावर आणा, १०८ला फोन करा. सापामागे धावू नका. कुणी आधीच दोरी आवळली असेल, तर ती वाटेत झटक्यात सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडायची. आणि मुक्कामाला मच्छरदाणी न्याच, कडा अंथरुणाखाली नीट खोचा.