कोयतीला कानस लावण्यापूर्वी

चि. निनाद यास,


आजोबांची कोयती माळ्यावरून काढून नव्यासारखी करायचं तू मनावर घेतलंस, असं वहिनींनी सांगितलं. नव्यासारखी नको, कामाची कर. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून कामापुरतंच घासायचं.

आधी गंज. लाल गंज पातं खातो. जुनी काळी झाक उलट त्याला जपते, ती राहू दे. रॉकेल चोपडून रात्रभर ठेव आणि सकाळी पितळी तारांच्या ब्रशने घास. चिंच लावलीस तर फार वेळ ठेवू नकोस, तिचं आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. मग राखेने धुऊन लगेच पूस आणि खोबरेलाचा हात फिरव. पाठीवर लोहाराच्या हातोड्याच्या खुणा दिसतील. त्यांनी काही अडत नाही, तर पॉलिश पेपरने घालवायच्या कशाला?

मग पात्याचं पाणी तपास. कानस एकदा पाठीवर आणि एकदा धारेवर हलकेच फिरवून बघ. पाठीवर चावली आणि धारेवर निसटू लागली, तर पाणी शाबूत आहे. दोन्हीकडे सारखीच चावली, तर कितीही धार लाव, चार फांद्यांत ती वळेल. तेव्हा लोहार गाठायचा. पुन्हा तापवून पाणी देणं हे त्याच्या भात्याचं काम, आपल्या गॅसचं नव्हे. पाणी शाबूत असेल तर मोटरच्या दगडापासून तिला लांब ठेव. कोरड्या दगडावर पातळ कड बघता बघता ३०० अंशांच्या घरात तापते, निळी पडते आणि पाणी उतरतं. नंतर बादलीत बुडवून ते चढत नाही.

टोक मोडलंय म्हणे. ते धारेकडून घासून काढायचा मोह होईल, पण कडक पोलाद तिथेच आहे. पाठीकडून उतरवत आण. पातं तिथे थोडं अरुंद होईल, धार मात्र पुरी राहील. दाते पडलेत तिथे नुसता दाता घासत बसलास तर खळगा होईल. सगळी धार सारखी मागे आण आणि दाता बराच खोल असेल तर थोडा राहू दे. पुढच्या दोन-तीन धारांत तो आपोआप जाईल.

कोयतीची धार बाकाच्या आतल्या बाजूला असते, तिथे सपाट दगड टेकतच नाही. अर्धगोल कानस घे; शेवटचा हात गोल काठीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने दे. पातं शेगड्यात घट्ट धर आणि हात धारेपासून दूर जाईल असाच चालव. फांद्या तोडायच्या हत्याराला वस्तऱ्यासारखी पातळ धार दिलीस तर पहिल्याच गाठीला ती तुटेल.

मूठ हलते म्हणून फेकू नकोस. चिरली नसेल तर भोक साफ करून त्यात लाख आणि विटेची भुकटी भर, मुठीत शिरणारं टोक तापवून आत दाब. तेव्हा पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळायला विसरू नकोस, नाहीतर तीच आच धारेपर्यंत जाईल. लाख थोड्या उष्णतेनेही नरम पडते, म्हणून नंतर कोयती चुलीजवळ टांगायची नाही.

हीच जुनी कट्यार असती तर मी तुला एवढंही करू दिलं नसतं. सोन्याची कोफ्तगारी किंवा जौहरदार पोलादावरची नक्षी पॉलिश पेपरच्या दोन हातांत जाते, आणि १०० वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागू होऊ शकतो. ती जाणकाराला दाखवायची. कोयतीचं तसं नाही. ती कमरेच्या आकडीला लटकून रानात जाण्यासाठीच घडवलेली. भिंतीवर टांगलीस तर दुरुस्ती फुकट गेली.

कानस लावण्याआधी पात्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. आणि काम झाल्यावर कागद कापून दाखवू नकोस, परसातल्या शेवग्याची ओली फांदी तोड. एका घावात तुटली आणि धार वळली नाही, तर पास.

कळावे,
तुझा काका