आधी हँडब्रेक बघ

बयो, फोटो पाहिला. बॉनेटखाली जो आडवा लाल दांडा दिसतोय त्याला स्ट्रट बार म्हणतात. गाडी विकणाऱ्याने त्याचं एवढं कौतुक केलं याचं मला नवल नाही, बॉनेट उघडलं की नजरेत भरावी अशीच ती वस्तू आहे. पण त्याच मेसेजमध्ये तू सहज लिहिलंयस, 'हँडब्रेक जरा जास्तच वर येतो गं, पण धरतो.' मला काळजी लागली ती या 'पण धरतो'ची. दोन्हीबद्दल सांगते. दांड्याचं आधी, ते लवकर आटपेल.

तुझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने 1940च्या दशकात ही रचना केली. जागा कमी लागते, खर्च कमी येतो, म्हणून मारुती 800पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हेच असतं. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र बसवलेला उभा खांब, एवढंच. त्याचं खालचं टोक चाकाला आणि वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या उंचवट्याला नटांनी आवळलेलं असतं. गाडी वेगात वळणावर घातली की भार त्या उंचवट्यांवर येतो आणि ते केसभर हलतात. टेबल डुगडुगू नये म्हणून सुतार दोन पायांमध्ये आडवी पट्टी ठोकतो ना, तेच काम हा दांडा डाव्या-उजव्या उंचवट्यांमध्ये करतो.

त्याचा उपयोग खरा आहे, पण तो रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला, नाहीतर सांगाडा सैल झालेल्या जुन्या गाडीला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या तुला काही फरक कळायचा नाही. आणि कुणी म्हणालं की याने खड्ड्यातली खडखड जाते, तर हो म्हण आणि सोडून दे. ती खडखड शॉकअपच्या माउंटची, बुशची नाहीतर लिंक रॉडची असते. तिथे दांडा लावून काही होत नाही.

दांडा काढायचा की ठेवायचा? दोन्ही टोकांना बिजागरीसारखे बोल्ट असतील तर तो नुसता दागिना आहे, कारण जोडावरच तो हलणार. अखंड असेल आणि बॉनेटला आतून घासत नसेल तर राहू दे, मात्र विमा कंपनीला कळवून ठेव. एक गोष्ट मात्र नीट बघ. ते दोन्ही उंचवटे बॅटरीच्या उजेडात तपास. पत्रा कुठे वळकटलाय, वेल्डिंग ताजं दिसतंय, एका बाजूचा रंग दुसरीपेक्षा वेगळा आहे, असं काही आढळलं तर गाडीने पुढून मार खाल्लेला असू शकतो. मग दांड्याचा विषय बाजूला ठेवून गाडी बॉडीवाल्याला दाखव.

आता हँडब्रेक. आपण पायाने दाबतो तो ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि चारही चाकांना लागतो. हँडब्रेक वेगळा आहे. तुझ्या गाडीत तो फक्त लिव्हर आणि लोखंडी केबल आहे, केबल मागच्या दोन चाकांच्या ड्रमपर्यंत जाते आणि आतले ब्रेक शू ड्रमवर दाबते. मध्ये तेल नाही. त्यामुळे ब्रेक ऑइल गळून पायाचा ब्रेक गेला तरी हा शाबूत राहतो. मला त्याचा आदर वाटतो तो यासाठी. डॅशबोर्डवरचा वर्तुळातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवाही लक्षात ठेव. हँडब्रेक पूर्ण खाली केल्यावरही तो जळत राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. तशी गाडी पुढे दामटू नकोस.

लिव्हर वर ओढताना कट् कट् आवाज येतो तो मोज. साधारण पाच-सात कट्‍मध्ये तो घट्ट व्हायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. तुझा जर कोपरापर्यंत येत असेल तर एक तर केबल ताणली गेलीय, नाहीतर मागच्या ब्रेक शूवरचे लायनर झिजलेत. इथेच बरेच मेकॅनिक शॉर्टकट मारतात. लिव्हरखालचा नट दोन आटे आवळतात आणि 'झालं मॅडम' म्हणतात. लायनर झिजलेले असताना नुसती केबल आवळली तर दुखणं फक्त झाकलं जातं. आणि जास्त आवळली तर शू सतत ड्रमला घासत राहतात, चाक तापतं, पेट्रोल जास्त जातं. म्हणून म्हण, 'आधी ड्रम उघडा, लायनर दाखवा, मग केबलला हात लावा.' काम झाल्यावर गाडी जॅकवर असतानाच हँडब्रेक सोडून मागची चाकं हाताने फिरवून बघ, मोकळी फिरली पाहिजेत.

उतारावर लावायची पद्धतही चुकीची शिकवली जाते. नुसता गिअर टाकून भरवसा ठेवू नकोस आणि नुसत्या हँडब्रेकवरही नको. पायाचा ब्रेक दाबून धर, न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ, मग पाय हळू सोड म्हणजे गाडीचं वजन हँडब्रेकवर बसतं. त्यानंतर इंजिन बंद करून, तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स टाक. आईच्या ऑटोमॅटिकमध्येही हाच क्रम, शेवटी फक्त 'पी'. आधीच 'पी'त टाकलं तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतं आणि निघताना लिव्हर खडाक्कन सुटतं. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं डावीकडे, कडेच्या दिशेने वळवून ठेव. चढाकडे असेल आणि फुटपाथ असेल तर उजवीकडे, फुटपाथ नसेल तर डावीकडेच. घरंगळली तर गाडी कडेला टेकेल, रस्त्यात जाणार नाही. ही माझी लहर समजू नकोस हं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार चालक जागेवर नसताना गाडी आपोआप चालू लागणार नाही याची खबरदारी घ्यावीच लागते. आणि चढावर थांबून मागे न घरंगळता निघणं हा तर लायसनच्या परीक्षेचाच भाग आहे. तुझा तो भाग कच्चा आहे हे मला माहितीये.

पावसाळ्यातलं वेगळं. गाडी धुतल्यावर किंवा भिजलेली असताना हँडब्रेक ओढून चार-सहा दिवस ठेवली की शू ड्रमला गंजून चिकटतात. मग निघताना गाडी जागची हलत नाही, आणि आपण अॅक्सिलरेटर दाबत बसतो. तसं करू नकोस. पुढे-मागे हलकेच हलवून सुटते का बघ, नाही सुटली तर मेकॅनिक बोलाव. सपाट जागेत बरेच दिवस ठेवायची असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेव आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. उतारावर मात्र हे चालणार नाही.

घाटात वेग कमी करायला हँडब्रेक वापरायचा नाही, त्याला खालचा गिअर आहे. पायाचा ब्रेक पूर्ण गेलाच, तर आधी गिअर उतरव. मग लिव्हरचं बटण दाबून धरून हळूहळू ओढ. एकदम खेचलास तर मागची चाकं लॉक होतात आणि गाडी गरगर फिरते.

गणपतीला तू ताम्हिणीतून कोकणात उतरणार म्हणतेस. त्याआधी सोसायटीच्या उताराला आपण दोघी जाऊन बघू, तू स्टिअरिंगवर, मी बाहेर. पण त्याच्याही आधी या शनिवारी गाडी गॅरेजला टाक, मागचे ड्रम उघडून घे आणि लायनरचा फोटो मला पाठव. तोपर्यंत ती गाडी घाटात घालायची नाही.