संगणकाचा दफ्तरदार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या अंतरंगात कशाला डोकवावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आज आपली टिपणे, निबंध, प्रबंध, इतकेच नव्हे तर लोकसाहित्याची ध्वनिमुद्रणेही संगणकातच राहतात. ती सुरक्षित कशी राहतात हे जाणून घेणे मला म्हणूनच अगत्याचे वाटते.

आज्ञावलींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. लेखन, हिशेब, चित्रकला अशी आपली कामे करणाऱ्या एका वर्गात, तर खुद्द संगणक चालविणाऱ्या दुसऱ्या वर्गात मोडतात. या दुसऱ्या वर्गातील मुख्य कारभारी म्हणजे ‘ऑपरेटिंग सिस्टिम’. तिच्या जोडीने झाडलोट, मोजदाद, डागडुजी आणि राखण करणाऱ्या लहान आज्ञावली असतात. त्यांना ‘युटिलिटी’ म्हणतात.

त्यांचे काम समजण्यासाठी पेशवे दफ्तर डोळ्यांसमोर आणावे. तेथे कागद रुमालांत बांधलेले असतात आणि कोणता कागद कोठे आहे हे यादीवरून कळते. संगणकाच्या डिस्कवरही मजकूर एका ठिकाणी आणि त्याची यादी दुसऱ्या ठिकाणी असते. आपण फाइल पुसतो तेव्हा बहुधा मजकूर जागचा हलत नाही. फक्त यादीत ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद होते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहतो.

आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीला याचा प्रत्यय आला. तिने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या. धाकट्या भावाने चित्रपटासाठी जागा हवी म्हणून त्या पुसल्या. आजी तोवर निवर्तल्या होत्या. पेनड्राइव्ह लगेच बाजूला ठेवून पुसलेल्या फाइली शोधणारी युटिलिटी चालविली, तेव्हा बहुतेक ओव्या परत मिळाल्या. तीन-चार मात्र कायमच्या गेल्या, कारण त्यांच्या जागेवर चित्रपट उतरला होता. फाइल चुकून पुसली गेल्यास त्या साधनावर पुढे काहीही लिहू नये, हा यातील बोध.

हे शास्त्र तसे जुने आहे. आय. बी. एम. चा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला आणि १९८२ साली पीटर नॉर्टन यांनी ‘नॉर्टन युटिलिटीज’ हा आज्ञावलींचा संच काढला. पुसलेली फाइल परत आणणे हेच त्याचे मोठे आकर्षण होते.

दुसरे काम आवराआवरीचे. सलग जागा नसली की एकाच फाइलचे तुकडे डिस्कवर विखुरतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये ते गोळा करण्यासाठी वाचक-शीर्षाला इकडून तिकडे हिंडावे लागते आणि संगणक मंदावतो. ‘डीफ्रॅगमेंटेशन’ हे तुकडे सलग लावून देते. नव्या एस. एस. डी. मध्ये मात्र हलणारा भागच नसतो. तेथे या खटाटोपाचा लाभ नगण्य, उलट वारंवार लेखनाने झीज होते. शिवाय एस. एस. डी. वर पुसलेल्या जागा ‘ट्रिम’ नावाच्या सूचनेने साफ होतात, त्यामुळे तेथे गेलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी.

राखणदारी विषाणुरोधक आज्ञावली करतात. या क्षेत्रातील ‘क्विक हील’ ही पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंची निर्मिती. कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून सुरू झालेला हा प्रवास आपल्याला अभिमान वाटावा असाच आहे.

या सर्वांत मला श्रेष्ठ वाटते ती ‘बॅकअप’ युटिलिटी. तिचा नियम सोपा आहे: प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. इतर युटिलिटी मोडलेले सांधतात, परंतु डिस्कच निकामी झाली तर त्यांचा इलाज चालत नाही. दफ्तरदार कितीही निष्णात असला, तरी एकुलता एक कागद जळाल्यावर तो काय करणार?

आपले आजी-आजोबा जे सांगतात, गातात, ते टिपून घेण्याचे काम आपल्यापैकी अनेकजण करीत आहेत. ते टिपणे जितके मोलाचे, तितकेच त्याची दुसरी प्रत त्याच दिवशी करून ठेवणेही मोलाचे आहे, एवढेच माझ्या विद्यार्थी-मित्रांना सुचवावेसे वाटते.