इंग्लंडमध्ये घर वाढवताना : स्वतंत्र आराखडाकाराशी करावयाचा व्यवहार

इंग्लंडमध्ये आलेल्या मराठी कुटुंबाने विकत घेतलेले पहिले घर पुष्कळदा सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजारच्या घराशी एका सामाईक भिंतीने जोडलेले, असते. मुले मोठी होऊ लागली आणि भारतातून आई-वडील पाच-सहा महिन्यांसाठी येऊ लागले की त्या घराच्या मागे एखादी खोली वाढवण्याचा किंवा माळ्यावर शयनगृह काढण्याचा विचार सुरू होतो. एवढ्याशा कामाला मोठ्या कचेरीचा मेहनताना परवडत नसल्यामुळे बहुतेक कुटुंबे एकट्याने व्यवसाय करणाऱ्या आराखडाकाराकडे जातात. हा मार्ग चांगला आहे. मात्र महापालिकेच्या मंजुरीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचे बहुतेक कागद एकाच वास्तुविशारदाच्या कचेरीतून फिरतात, ही भारतातून सोबत आलेली समजूत येथे उपयोगी पडत नाही. इंग्लंडमध्ये तेच काम आराखडाकार, संरचना-अभियंता, सामाईक भिंतीचा सर्वेक्षक, बांधकाम-तपासनीस आणि कंत्राटदार यांच्यात विभागलेले असते, आणि यांपैकी प्रत्येकजण आपण लेखी स्वीकारलेल्या कामापुरताच उत्तरदायी असतो. जुन्या कुटुंबांना झालेल्या मनस्तापाचा मोठा भाग ‘ते तेच बघतील’ या गृहीतकातून उद्भवलेला दिसतो.

पहिला प्रश्न पदवीचा. ‘आर्किटेक्ट’ ही संज्ञा इंग्लंडमध्ये 1997च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने संरक्षित केलेली असून आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीलाच ती व्यवसायात वापरता येते. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. घराचे नकाशे काढण्यावर मात्र असे बंधन नाही, त्यामुळे ‘आर्किटेक्चरल डिझायनर’ असे बिरुद कोणीही लावू शकतो. याचा अर्थ नोंदणी नसलेला आराखडाकार कमी प्रतीचा असतो असा मुळीच नाही, कारण जोडघरांची शेकडो कामे केलेला माणूस त्या कामात अधिक जाणता असू शकतो. परंतु त्याच्या जवळपासच्या पूर्ण झालेल्या दोन-तीन कामांना प्रत्यक्ष भेट द्यावी आणि प्रोफेशनल इंडेम्निटी इन्शुरन्स, म्हणजे नकाशातील चुकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई करणारा व्यावसायिक विमा, चालू असल्याचे प्रमाणपत्र मागावे. हे मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे आहे असा संकोच आपल्याकडच्या माणसांना वाटतो, पण इंग्लंडमधील व्यवसायात तो नेहमीचाच प्रश्न समजला जातो.

दुसरी गोष्ट अशी की येथे दोन परवानग्या असतात आणि त्या एकमेकींची जागा घेत नाहीत. प्लॅनिंग परमिशन ही घराचा आकार, उंची आणि शेजाऱ्यांवर होणारा परिणाम पाहते, तर बिल्डिंग रेग्युलेशन्स बांधकामाची मजबुती, अग्निसुरक्षा, उष्णतारोधन आणि वायुवीजन पाहतात. मागच्या बाजूचे एकमजली वाढीव बांधकाम जोडघराला किंवा रांगेतील घराला 3 मीटरपर्यंत आणि सुट्या घराला 4 मीटरपर्यंत, उंची व इतर अटी पाळून, पर्मिटेड डेव्हलपमेंट म्हणजे स्वतंत्र अर्जाशिवाय करता येणारे बांधकाम ठरू शकते; परंतु हे अंतर आजच्या भिंतीपासून नव्हे, तर 1 जुलै 1948 रोजी असलेल्या, किंवा त्यानंतर प्रथम बांधलेल्या, मूळ घराच्या भिंतीपासून मोजले जाते. आधीच्या मालकाने केलेली वाढ त्यामुळे नव्या मालकाच्या खात्यावर पडते. नव्या वसाहतींमध्ये हा हक्क कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, मूळ मंजुरीतच काढून घेतलेला असू शकतो आणि फ्लॅटना तो नसतोच. म्हणून परवानगी लागत नाही असे आराखडाकाराने तोंडी सांगितले तरी कौन्सिलकडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा लेखी दाखला, घेणे शहाणपणाचे आहे.

सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा विषय 1996च्या पार्टी वॉल ॲक्टचा होय. सामाईक भिंतीत तुळई बसवायची असल्यास काम सुरू होण्यापूर्वी किमान दोन महिने, आणि शेजारच्या बांधकामापासून 3 मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असल्यास किमान एक महिना, शेजाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते. शेजाऱ्याने चौदा दिवसांत लेखी संमती दिली नाही, तर त्याचे मौन हाच मतभेद मानला जातो, सर्वेक्षक नेमावे लागतात आणि त्यांचा खर्च सामान्यतः बांधकाम करणाऱ्या मालकावर येतो. प्लॅनिंगची मंजुरी मिळाली म्हणजे ही सूचना टळली असे नाही, आणि ती देणे आराखडाकाराच्या ठरलेल्या कामात पुष्कळदा नसते. सूचनेचा कागद टपालाने येण्यापूर्वी नकाशा घेऊन शेजाऱ्याकडे स्वतः जाऊन बसलेल्या कुटुंबांना संमती सुखाने मिळाल्याचा अनुभव आहे. भिंतीपलीकडच्या माणसाला आपल्या घरात काय होणार हे आधी कळले पाहिजे, ही अपेक्षा रास्तच आहे.

अशी कामे कोणाच्याच वाट्याला न येता राहू नयेत, यासाठी मेहनतान्याचा आकडा ठरवण्याआधी कामाची व्याप्ती कागदावर यावी. घराची प्रत्यक्ष मोजणी कोण करणार, आराखड्यात किती वेळा बदल करून मिळतील, तुळईची गणिते करणाऱ्या संरचना-अभियंत्याचे पैसे वेगळे आहेत काय, बिल्डिंग रेग्युलेशन्सचे तपशीलवार नकाशे त्याच रकमेत येतात की नाही आणि कंत्राटदाराच्या शंकांना उत्तर कोण देणार, हे त्यात स्पष्ट असावे. नकाशांचा स्वामित्वहक्क लेखी हस्तांतराखेरीज आराखडाकाराकडेच राहतो; म्हणून मध्येच फारकत झाल्यास ते नकाशे वापरण्याची मुभा आणि संगणकीय मूळ फाइल मिळण्याची अट आरंभीच घालावी. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि घासाघीस करायचीच असेल तर ती आकड्यावर करण्यापेक्षा व्याप्तीवर करावी, कारण कमी केलेल्या आकड्यातून सहसा तपशीलवार नकाशेच गळतात.

आराखडाकाराला गरजा सांगताना आपल्या घराची रीत गृहीत धरू नये. रोजची फोडणी आणि सणावाराची तळणी चालणाऱ्या स्वयंपाकघराला हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारा पंखा पुरत नाही. ओट्यावरून थेट बाहेर हवा फेकणारी नळी हवी, आणि मधूनमधून चालणाऱ्या अशा पंख्यासाठी इंग्लंडचा नियमच शेगडीवर सेकंदाला किमान 30 लिटर इतकी क्षमता सांगतो. बैठक आणि स्वयंपाकघर एक करणारी येथील लोकप्रिय रचना मराठी कुटुंबाने या दृष्टीने पुन्हा तपासावी. देवघर कोणत्या दिशेला हवे, गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांसाठी तळमजल्यावर न्हाणीघर हवे की नाही, पाहुणे आले की मोठ्या पातेल्यांची जागा कोठे, हे पहिल्याच भेटीत लिहून द्यावे. वास्तुशास्त्राचा आग्रह असल्यास तोही तेव्हाच सांगावा. मंजुरीनंतर खिडकी हलवली तर अर्ज पुन्हा करावा लागू शकतो.

बांधकाम सुरू झाल्यावर तपासनीस ठरलेल्या टप्प्यांवर, पाया झाकण्यापूर्वीही, पाहणी करतो, आणि त्याला वेळेवर बोलावण्याची जबाबदारी कंत्राटदाराची की आराखडाकाराची हेही करारात असावे. शेवटी मिळणारे कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांनुसार पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, हातात आल्याशिवाय कंत्राटदाराचा अखेरचा हप्ता देऊ नये, कारण पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील तेच मागतो आणि ते नसल्यास मातीत गेलेला पाया पुन्हा उघडून दाखवण्याची वेळ येऊ शकते.