भांडण नाही, पण बोलणंही नाही

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आमचं भांडण नाहीच, पण बोलणंही नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. आई म्हणते, दारू पीत नाही, हात उचलत नाही, आणखी काय पाहिजे? तिच्या काळात एवढंच मागायची सोय होती. तुला दोन शब्द मनातले हवेत, यात लाड कसले?

दाजींकडेही बघ. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या धगीत रात्रपाळी करायची, गावाकडे घनसावंगीत भावांचं कर्ज. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी हातानं झाडं तोडली. तेव्हा त्यांच्या घरात काय घडलं, हे त्यांनी तुला कधी सांगितलंय? आपल्याकडच्या पुरुषाला 'मला भीती वाटते' म्हणायला कुणी शिकवलेलंच नसतं. मग तो गप्प होतो. तू विचारत राहतेस, विचारता विचारता आवाज चढतो आणि तो आणखी गप्प होतो. कॅनडातल्या स्यू जॉन्सन यांनी जोडप्यांसाठी जी उपचारपद्धती उभी केली, तिच्यात आधी हाच फेरा शोधतात: एक मागे लागतो, दुसरा दूर सरतो, आणि आतून दोघंही घाबरलेले असतात.

म्हणूनच म्हणते, दोघं समुपदेशनाला जा. समुपदेशन म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे बैठक येते, हो ना? मामा, चुलते, सरपंच जमणार, निकाल लागणार, "नांदायला जा." तसं तिथं नसतं. समुपदेशक कुणाच्याच बाजूचा नसतो. तो एकाला बोलू देतो आणि दुसऱ्याला विचारतो, 'तुम्हाला यातलं काय ऐकू आलं?' पहिल्या वेळी बहुतेकांना उत्तर देता येत नाही, कारण आपण ऐकत असतो ते उलट बोलण्यासाठी. माझ्या मते सगळं काम इथंच आहे. अमेरिकेतल्या जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचा अभ्यास केला. ते सांगतात, जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचेच असतात. ते मिटले नाहीत तरी संसार चांगले चालतात, फक्त त्यांवर एकमेकांना न दुखावता बोलता यायला हवं.

आणि हो, रात्रीच्या जवळिकीचंही तिथं बोलता येतं. तू मला अर्धंच सांगितलंस, मला कळलं. बाळंतपणानंतरची उदासी, थायरॉइड, साखर, बीपीच्या काही गोळ्या, यांनीही इच्छा कमी होते. चांगला समुपदेशक अशा वेळी आधी डॉक्टरांकडे पाठवतो. गावभर होईल म्हणून घाबरू नकोस. मानसिक उपचारांतली माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलाय.

दाजी लगेच तयार होणार नाहीत. "मी वेडा आहे का?" म्हणतील. वाद घालू नकोस, एकटी जा. तुझी बोलायची रीत बदलली की घरातलं वारंही थोडं बदलतं. त्यांना मात्र 'तुम्हाला सुधरवायला' असं म्हणू नकोस. 'मला तुमच्याशी नीट बोलता यावं म्हणून या' एवढंच म्हण.

एक गोष्ट निक्षून सांगते, ही तुझ्या मैत्रिणींनाही सांग. घरात मारहाण असेल, धाक असेल, तर नवऱ्यासोबत एका खोलीत बसून मन मोकळं करायला जाऊ नये. तिथलं बोलणं घरी गेल्यावर अंगावर येतं. तिनं आधी महिला हेल्पलाइनला, १८१ ला फोन करावा, जीवावर बेतलं तर ११२ ला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या पाठीशी आहे.

तुझं तसं नाही, म्हणूनच आत्ता जा. सगळं विस्कटल्यावर जाणाऱ्यांना फार वेळ लागतो. समुपदेशकाकडे जायला जमेपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून बघ. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. दाजींची रात्रपाळी असेल त्या दिवशी, पोरगं झोपलं की लाव.