रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी गोळी सोडली

कोल्हापुरात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणूक आली की हँडबिले. हँडबिल हातात आले की मी आधी दोन गोष्टी विचारतो : मजकूर कुणाचा आणि कुणासाठी? मुद्रक-प्रकाशकाचे नाव घातल्याशिवाय ते छापताच येत नाही, त्यामुळे ही सवय अंगातच मुरली आहे. स्वतःच्या हृदयाबद्दलचा मजकूर समोर आला तेव्हा मात्र मी दोन्ही गोष्टी विचारल्या नाहीत. त्याची किंमत मोजून झाल्यावर हे लिहितो आहे.

फेब्रुवारी २०१६. वय बावन्न. पहाटे छातीवर जाते ठेवल्यासारखे झाले. पित्त असेल म्हणून ओवा चावला, सोडा प्यायलो आणि त्यात दोन तास घालवले. शेवटी मुलाने रिक्षात घातले. एक रक्तवाहिनी बंद निघाली, स्टेंट बसला. घरी आलो तेव्हा कागदावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या होत्या, रक्तदाबाची एक आणि रात्री घ्यायची अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १४८ होते. तीन महिन्यांत ६२ वर आले. पाच वर्षे सगळे सुरळीत चालले.

२०२१ च्या पावसाळ्यात मांड्या दुखू लागल्या. जिना चढताना पाय जड व्हायचे, दिवसभर मरगळ असायची. सकाळी रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या मित्राला सांगितले. तो म्हणाला, "सोड ती गोळी मर्दा! माझ्या मेहुण्यानं दोन वर्षं झाली सोडून, काय झालंय त्याला?" संध्याकाळी त्याने एक व्हिडिओ पाठवला. कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, हृदयविकाराशी त्याचा संबंधच नाही, या गोळ्यांनी मधुमेह होतो, स्नायू झिजतात, असे त्यात एक गृहस्थ अस्खलित इंग्रजीत सांगत होते. मी रिपोर्टची फाईल काढली. एलडीएल ६४. म्हणजे मी ठणठणीत होतो आणि फुकट गोळ्या खात होतो! त्या रात्रीपासून गोळी बंद केली.

बायकोला सांगितले नाही. बाकीच्या गोळ्या तिच्यासमोर घ्यायचो आणि ही तेवढी हळूच खिशात टाकायचो. दहा-बारा दिवसांत पाय हलके झाल्यासारखे वाटले, त्यामुळे माझी खात्रीच पटली.

माझ्या छापखान्याच्या तळघरात पावसाळ्यात पाणी झिरपते. जून ते ऑक्टोबर तिथे पंप चालू असतो, म्हणून कागदाचे गठ्ठे कोरडे राहतात. फरशी कोरडी आहे म्हणून मी कधी पंप विकून टाकलेला नाही. रिपोर्टमधले ६४ हा माझ्या रक्ताचा गुण नव्हता, गोळीचे काम होते. तळघरात जे मला कळत होते ते स्वतःच्या रक्ताबद्दल कळले नाही.

नोव्हेंबर २०२२. लग्नसराईच्या पत्रिकांची घाई होती. कटिंग मशीनपाशी उभा असताना जबडा दुखू लागला, मग डावा दंड, मग दरदरून घाम. या वेळी ओवा शोधला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काका, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना?" माझ्याआधी बायकोच म्हणाली, "हो, रोज घेतात की." मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल १५६. मग सगळे कबूल केले. बायको काही बोलली नाही, पिशवी आवरत राहिली. डॉक्टर म्हणाले, "गोळी सोडली म्हणूनच अटॅक आला, असं मी छातीठोक सांगणार नाही. गोळी घेणाऱ्यांनाही कधीकधी येतो. पण तुम्ही धोका वाढवून ठेवला होता, आणि तोसुद्धा न सांगता." दुसरी एक वाहिनी अडली होती. तीत स्टेंट बसला, पण हृदयाची पंपिंगची ताकद ६० टक्क्यांवरून ४० वर आली. आज मी रिमाचा गठ्ठा उचलू शकत नाही. मुलगा उचलतो, मी बघतो.

राहिले मांड्यांचे दुखणे. डॉक्टरांनी त्याचीही तपासणी केली, तर थायरॉइड मंद निघाले. थायरॉइड मंदावले की स्नायू दुखतात, मरगळ येते, एलडीएल वाढते आणि या गोळीचा स्नायूंना होणारा त्रासही वाढू शकतो. थायरॉइडची गोळी सुरू झाली, कोलेस्टेरॉलची बदलून रोसुवास्टॅटिन दिली. दुखणे थांबले. जी तक्रार मी रंकाळ्यावर सांगितली ती दवाखान्यात सांगितली असती, तर एका साध्या रक्ततपासणीत उत्तर मिळाले असते.

नंतर या गोळ्यांबद्दलचा वाद नीट समजून घेतला. तो खोटा नाही, हे आधी सांगतो. माझी रात्रीची गोळी ज्या गटातली, त्या स्टॅटिनचा शोध १९७३ मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून लावला. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिले स्टॅटिन बाजारात आले. २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाचे एक स्टॅटिन स्नायूंवरच्या गंभीर परिणामांमुळे जगभरातून मागे घ्यावे लागले. या औषधांनी मधुमेहाचा धोका थोडा वाढतो, हेही खरे आहे. ज्याला कधी हृदयविकार झाला नाही, ज्याचा एकूण धोका कमी आहे, त्याने केवळ आकडा थोडा जास्त आहे म्हणून आयुष्यभर गोळी घ्यावी का, यावर डॉक्टरांमध्येही प्रामाणिक मतभेद आहेत.

पण ज्याला एकदा झटका येऊन गेला त्याचे काय? १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ लोकांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात २५६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात १८२. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांतही अशा रुग्णांना फायदाच दिसला. म्हणजे जो वाद निरोगी माणसाच्या गोळीबद्दल होता, तो मी स्टेंट बसलेल्या माझ्या छातीला लावला. मजकूर कुणासाठी आहे, हे विचारलेच नाही.

आणि दहा दिवसांत पाय हलके वाटले त्याचे काय? लंडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने खरी गोळी दिली, काही महिने बिनऔषधाची, आणि काही महिने कसलीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या जवळजवळ ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, माणसांना खरोखर दुखत होते. पण बहुतेक वेळा त्याचे कारण औषधात नसून औषधाच्या धास्तीत होते. निकाल दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आता माझ्यासारख्यांसाठी चार गोष्टी.

स्टेंट, बायपास किंवा झटका यांपैकी काही झाले असेल, तर रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा तुमच्यासाठी नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णांचे एलडीएल ५५ च्या खाली हवे. तुमचे किती हवे, ते डॉक्टरांना विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

स्नायू दुखू लागले तर दुखणे अंगावर काढू नका आणि परस्पर गोळीही सोडू नका. डॉक्टर थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी सीपीके, या तपासण्या करतील. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, एझेटिमाइबसारखे दुसरे औषध देता येते. पण अंग असह्य दुखत असेल आणि लघवी चहासारखी गडद होत असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खाण्यात फसू नका. शेंगतेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेले असते, पण कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसते. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, आणि खाण्यामुळे ते रक्तात वाढते ते मुख्यतः तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, वनस्पती तूप यांतल्या स्निग्धतेमुळे. मी तांबडा-पांढरा रस्सा सोडलेला नाही, महिन्यातून एकदा खातो. रोज सकाळी चहात बुडवायची खारी मात्र सोडली. पथ्य आणि चालणे हवेच, पण माझ्यासारख्याला ते गोळीऐवजी नाही, गोळीसोबत.

वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलांचे रक्त लवकर तपासा. लिपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. त्याचे रक्तातले प्रमाण आनुवंशिक असते, पथ्याने फारसे बदलत नाही. माझे जास्त निघाले, आणि चौतीस वर्षांच्या माझ्या मुलाचेही. त्याला अजून काही झालेले नाही. गोळी घ्यायची की नाही, हा खरा वाद त्याच्यासमोर आहे आणि तो त्यावर डॉक्टरांशी बसून बोलतो आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणीतरी नक्की असेल, ज्याने गोळी सोडली आहे आणि घरी सांगितलेले नाही. त्याला एवढीच विनंती. आज रात्री घरच्यांना खरे सांगा. उद्या उरलेली पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती महिने घेतली नाही, ते तोंडाने सांगा. मी ते सांगितले, पण अतिदक्षता विभागातल्या खाटेवरून.